छोट्या गाडीचा फोटो खेळण्यासारखा का येतो?

प्रश्न : माझा 8 बाय 4 फुटांचा एचओ स्केलचा (खऱ्याच्या 1/87 आकाराच्या) मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे. डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली 18-55 मिमी लेन्स वापरतो. इंजिनाचं तोंड स्पष्ट येतं, मागचा डबा धूसर, आणि गाडी खेळण्यातली वाटते. मॅक्रो लेन्स घ्यावी का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आत्ता घेऊ नका. मॅक्रोने आणखी जवळ जाता येतं, पण जवळ जाल तसा स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद होतो, आणि तुमचं दुखणं नेमकं तेच आहे. लेन्स 35 मिमीवर ठेवून, 40 सेंमी अंतरावरून, एफ 5.6 ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) जेमतेम 3 सेंमी पट्टा स्पष्ट येतो. एफ 16 ला साडेआठ. आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्याचं 1:87 मॉडेल भरतं साधारण साडेचोवीस सेंमी! तेव्हा लेन्स 18 मिमीवर आणा. तेवढ्याच अंतरावरून एफ 16 ला 29 ते 66 सेंमीपर्यंतचं सगळं स्पष्ट मिळतं. फोकस पुढच्या बफरवर (इंजिनाच्या तोंडावरच्या, धक्का झेलणाऱ्या गोल तबकडीवर) नको. जेवढी गाडी चौकटीत आहे तिच्या साधारण एक तृतीयांशावर, हाताने धरा. एफ 22 टाळा, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो.

35 मिमीच हवी असेल तर फोकस स्टॅकिंग करा. ट्रायपॉड, आयएसओ 100, एफ 8, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल, 2 सेकंदांचा टायमर, लेन्समधलं स्टॅबिलायझर बंद. फोकस दर वेळी 3 सेंमी मागे सरकवत एका डब्याला 8-9 फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. सुरुवात बफरच्याही थोडं अलीकडून करा. तो पहिला फोटो राहिला तर बफर धूसरच राहतो, नंतर काही करता येत नाही. टप्पे मोठे पडले तर डब्यावर मधे मधे धूसर पट्टे राहतात.

खेळण्यासारखं वाटण्याचं दुसरं कारण कॅमेऱ्याची उंची. उभ्या माणसाची नजर जमिनीपासून सुमारे दीड मीटर, 87 ने भागली की 17 मिमी. आपण मात्र वरून, घारीसारखे टिपतो. डीएसएलआर लेआउटवर ठेवला तरी लेन्स याहून वरच राहते, म्हणून तो कडेबाहेर, टेबलाच्या पातळीच्या थोडा खाली ट्रायपॉडवर लावा. लेआउटच्या आत मोबाइल उलटा उभा करा, म्हणजे लेन्स थेट रुळांशेजारी येते.

दिवा एकच, कारण सूर्य एकच. दोन दिवे लावले की सिग्नलच्या खांबाला दोन सावल्या पडतात. दिव्याच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केला की सावली पुरेशी उजळते. खिडकीचा पडदा ओढून घ्या, नाहीतर गाडी एका अंगाने पिवळी, दुसऱ्या अंगाने निळी येते. आणि आधी मऊ ब्रशने धूळ झाडा. टपावरचा एक कण फोटोत दगडाएवढा दिसतो.

प्रश्न : मोबाइलवर एलईडीच्या उजेडात काळे आडवे पट्टे येतात. (एक वाचक, विटा)

उत्तर : आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. प्रो मोडमध्ये शटर 1/50 ठेवा, पट्टे जातील. गाडी मात्र थांबलेली हवी.

प्रश्न : समोरून टिपलं की भारतीय इंजिनाची चाकं आत ओढल्यासारखी का दिसतात? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : एचओचे रूळ 16.5 मिमीचे, म्हणजे 1435 मिमीच्या गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपलं ब्रॉडगेज 1676 मिमीचं. 1:87 ला ते 19 मिमीच्या वर जायला हवं. समोरून टिपण्याऐवजी तिरक्या कोनातून टिपा, फरक जाणवत नाही.