वाचकांचे प्रश्न : पुरळ उठण्याआधीचे दोन दिवस

संसर्गजन्य रोगांविषयी प्रश्न मागवल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : सांगितलेली सगळी काळजी घेतली, तरीही आजार पसरलाच. पत्रे लक्षपूर्वक वाचल्यावर असे दिसले की काळजी घेण्यात हयगय क्वचितच झाली होती. मात्र ती काळजी त्या विशिष्ट रोगाच्या वाटेवर, किंवा त्याच्या वेळेवर घेतली गेली नव्हती. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गातील एका मुलाच्या अंगावर कांजिण्यांचे पुरळ दिसताच आम्ही त्याला त्याच दिवशी घरी पाठवले, बाक पुसून घेतले आणि पालकांना कळवले. पुढचे दोन आठवडे काहीच घडले नाही, म्हणून आम्ही निश्चिंत झालो. आणि मग चार दिवसांत सात मुले आजारी पडली. आमच्याकडून काय राहून गेले?

उत्तर : आपण केलेले सर्व योग्यच होते, पण कांजिण्यांच्या बाबतीत ते पुरेसे ठरत नाही, आणि त्याचे कारण या रोगाच्या वेळापत्रकात आहे. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ लागतो आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत देत राहतो. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला पहिला फोड दिसला, त्याच्या आदल्या दिवशी ते मूल वर्गात बसून शिकत होते आणि मधल्या सुट्टीत खेळत होते. तेव्हा कदाचित थोडी कणकण असेल, पण संशय घ्यावा असे काहीही नव्हते.

यापुढचा भाग अधिक फसवा आहे. रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. कांजिण्यांसाठी तो १० ते २१ दिवसांचा, बहुधा दोन आठवड्यांच्या आसपासचा असतो. त्यामुळे पहिल्या मुलाकडून ज्यांना लागण झाली, ती सर्व मुले दोन आठवडे ठणठणीत दिसतात आणि नंतर जवळजवळ एकाच वेळी आजारी पडतात. आपण ज्या शांत पंधरवड्यात निश्चिंत झालात, त्याच पंधरवड्यात साथ वाढत होती. अशा वेळी पहिल्या रुग्णाच्या संपर्कानंतर पूर्ण २१ दिवस लक्ष ठेवावे लागते, आणि त्या मुदतीत नवा रुग्ण सापडला तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करावी लागते.

रुग्णाला वेगळे ठेवल्याने साथ थांबेल की नाही, हे रुग्ण संसर्ग केव्हा देतो यावर ठरते. २००३ मध्ये सार्स या रोगाची साथ अनेक देशांत पसरली, आठ हजारांहून अधिक लोकांना लागण झाली, तरी त्याच वर्षी जुलैपर्यंत ती आटोक्यात आली आणि तीही लसीशिवाय. त्या रोगात रुग्ण सर्वाधिक संसर्ग देतो तो लक्षणे दिसल्यानंतर, साधारण दुसऱ्या आठवड्यात. त्यामुळे आजारी माणूस ओळखून त्याला वेगळे ठेवण्याचा जुना उपाय तेथे लागू पडला. कोविडचा विषाणू सार्सच्या विषाणूचा जवळचा नातलग, पण त्याचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून संसर्ग देतो, आणि काहींना तर लक्षणे येतच नाहीत. तोच उपाय या रोगापुढे अपुरा पडला, म्हणूनच आजारी नसलेल्या पण संपर्कात आलेल्या लोकांनाही घरी बसवावे लागले. आजारी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, आणि संपर्कात आलेल्या निरोगी माणसाला अधिशयन काळ संपेपर्यंत वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण. बोलण्यात हे दोन्ही शब्द आपण सरमिसळ वापरतो, पण साथ आटोक्यात आणणाऱ्याने तसे करून चालत नाही.

आता पुढच्या वेळेसाठी. पहिला रुग्ण दिसल्याच दिवशी ज्या मुलांना कांजिण्या कधी झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्यांची यादी करावी. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. शाळेतील गरोदर शिक्षिका, तसेच कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे कोणी असतील, तर त्यांना त्याच दिवशी कळवून डॉक्टरांकडे पाठवावे. ही जिवंत विषाणूंची लस त्यांना देता येत नाही आणि त्यांच्यात हा आजार गंभीर होऊ शकतो. पालकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी : कांजिण्यांच्या तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यामुळे यकृत आणि मेंदूवर आघात करणारा एक दुर्मीळ पण घातक विकार संभवतो. बाक पुसल्याने मात्र फारसे साधत नाही, कारण हा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे आणि फोडांतील द्रवातून पसरतो. तरी पुसू नका असे मी म्हणणार नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना धनुर्वात झाला होता. ते बरे होऊन घरी आले असले तरी घरातील काही जण त्यांची भांडी आणि अंथरूण वेगळे ठेवतात. हे आवश्यक आहे का?

उत्तर : मुळीच नाही. धनुर्वात जंतूंमुळे होतो, म्हणून तो संसर्गजन्य रोगांत मोडतो, पण तो माणसाकडून माणसाला होत नाही. त्याच्या जंतूंची बीजुके मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. सासऱ्यांना वेगळे ठेवण्याची गरज नाही, मात्र त्यांना लस देण्याची आहे, कारण धनुर्वात होऊन गेल्यानेही त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. घरातील इतरांनीही आपली लस कधी झाली होती ते तपासावे. शेजाऱ्यांनी घेतलेली लस या रोगापासून आपले रक्षण करीत नाही, हे त्याचे आणखी एक वेगळेपण.

प्रश्न : घरात एकाला उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर आम्ही प्रत्येक खोलीत हात निर्जंतुक करणारे सॅनिटायझर ठेवले आणि सर्वांनी ते तासातासाला वापरले. तरीही तीन दिवसांत पाचही जण आजारी पडलो. द्रव बनावट होता का?

उत्तर : द्रव अस्सल असला तरी हेच घडले असते. घरभर झपाट्याने पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांमागे बऱ्याचदा नोरोव्हायरस असतो, आणि आपल्या घरातील वेग पाहता माझा संशय त्यावरच आहे. काही विषाणूंभोवती मेदाचे आवरण असते. इन्फ्लुएन्झा आणि कोविडचे विषाणू त्या प्रकारचे. अल्कोहोल हे आवरण विस्कटते आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर परिणाम कमी होतो, आणि आजार होण्यासाठी त्याचे शंभराहूनही कमी कण पुरतात. अशा वेळी वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान २० सेकंद हात चोळून धुणे हाच खरा उपाय, कारण त्यात विषाणू मरो न मरो, तो हातावरून वाहून जातो.

हातांच्या स्वच्छतेच्या इतिहासातही योग्य द्रव निवडण्याला महत्त्व होते. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. साबणाने धुतल्यावरही हातांना प्रेताचा वास राहतो, म्हणजे काहीतरी मागे उरते, असा त्यांचा तर्क होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण १८ टक्क्यांहून अधिक होते, ते काही महिन्यांत दोन टक्क्यांच्या आसपास आले. जंतू रोग निर्माण करतात हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते, आणि सहकाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांचे म्हणणे मानले नाही.

आपल्या घरापुरते सांगायचे तर उलटी झालेली जागा क्लोरीनयुक्त ब्लीचने पुसावी, पुसताना नाक-तोंड झाकावे, शौचालयाचे झाकण लावूनच पाणी सोडावे, आणि जो आजारी होता त्याने लक्षणे थांबल्यानंतरही किमान दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये. या शेवटच्या नियमाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, कारण बरे वाटू लागले की माणूस कामाला लागतो. परंतु विष्ठेतून हा विषाणू त्यानंतरही अनेक दिवस बाहेर पडत असतो. रुग्णाचे मुख्य औषध म्हणजे तोंडावाटे द्यायचे क्षार-साखरेचे द्रावण. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ अंदाजाने टाकू नये. ते जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो. साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेतले जाते आणि त्यामागे पाणी जाते, म्हणून नुसते पाणी पाजण्यापेक्षा हे द्रावण अधिक उपयोगी पडते. मूल सुस्त झाले, लघवी होईनाशी झाली किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी थांबू नये.

प्रश्न : आमच्या मुलांच्या शाळेत गोवराचे आठ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी तिघांनी लस घेतलेली होती. मग लसीचा उपयोग काय? आणि बाकी सगळ्यांनी घेतली असेल तर एखाद्याने न घेतल्याने काय बिघडते?

उत्तर : शाळेतील मुलांची एकूण संख्या आपण लिहिलेली नाही, म्हणून ती शंभर धरू आणि त्यांपैकी ९५ जणांनी लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या आहेत असे मानू. दोन मात्रांनंतर सुमारे ९७ टक्के लोकांना गोवरापासून संरक्षण मिळते, म्हणजे ९५ पैकी तिघे-चौघे असुरक्षित राहिलेले असू शकतात. साथ सर्वांपर्यंत पोहोचली तर लस घेतलेले हे तिघे आणि न घेतलेले पाचही आजारी पडतील. रुग्णांची यादी पाहणाऱ्याला आठांत तीन दिसतात आणि लस निरुपयोगी वाटते. परंतु मोजायचे ते असे : लस घेतलेल्या ९५ पैकी तीन आणि न घेतलेल्या पाचांपैकी पाच. जसजसे अधिक लोक लस घेतात तसतसे उरलेल्या थोड्या रुग्णांत लस घेतलेल्यांचे प्रमाण वाढतच जाते. सर्वांनीच घेतली, तर जो काही रुग्ण सापडेल तो लस घेतलेलाच असेल.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गोवराच्या वेगात आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. अशा रोगाची साखळी तुटण्यासाठी समाजातील सुमारे ९५ टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. सूट घेण्यासाठी उरलेली पाच टक्के जागा आधीच भरलेली आहे : लस देण्याच्या वयाला न आलेली तान्ही मुले, कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण, आणि वर सांगितलेले, लस घेऊनही संरक्षण न मिळालेले लोक. ज्याला लस घेता येते त्याने घेतली नाही, तर तो यांच्यापैकी कोणाची तरी जागा घेतो. गोवर म्हणजे चार दिवसांचा ताप आणि पुरळ असे समजणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की हा विषाणू प्रतिकारयंत्रणेच्या स्मृतीवरच घाला घालतो, आणि पूर्वी होऊन गेलेल्या इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडेही त्यात कमी होतात.

प्रश्न : डेंगी पसरल्यावर आमच्या परिसरात धूरफवारणी होते. डास काही दिवस कमी होतात आणि पुन्हा वाढतात. फवारणी वाढवण्याची मागणी करावी का?

उत्तर : धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातील अळ्या मरत नाहीत. एडीस डासाची अंड्यापासून प्रौढ डासापर्यंतची वाढ सात ते दहा दिवसांत होते, म्हणून साठवलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकले की ही वाढ मध्येच तुटते. नुसते ओतून भागत नाही. पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली अंडी कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात, त्यामुळे भांड्याची आतली बाजू घासावी लागते. मागणी करायचीच असेल तर घरोघरच्या अळ्यांच्या तपासणीची करावी.

प्रश्न : गेल्या वेळची प्रतिजैविकांची अर्धी पट्टी उरली आहे. सर्दी-तापात ती घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके जिवाणूंवर काम करतात. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेमुळे जंतू औषधाला दाद देईनासे होतील, असा इशारा दिला होता. उरलेली पट्टी औषधांच्या दुकानात परत घेत असतील तर तेथे द्यावी.

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी मला एका अनोळखी कुत्र्याने पोटरीला चावले. जखम भरून आली, त्रास काही नाही. आता लस घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : हा अंक छापून येण्याची वाट पाहणे योग्य नव्हते, म्हणून या वाचकांना पत्र मिळाले त्याच दिवशी उत्तर कळवले आहे, इतरांसाठी येथे देतो. अर्थ आहे, आणि आजच जावे. रेबीजचा अधिशयन काळ बहुधा दोन ते तीन महिन्यांचा असतो, क्वचित वर्षभराचाही. विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकत असतो, आणि तो तेथे पोहोचण्याआधी प्रतिकारशक्ती तयार झाली तर माणूस वाचतो. म्हणूनच चावा झाल्यानंतर दिलेली लसही उपयोगी पडते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी ज्या नऊ वर्षांच्या मुलावर उपचार सुरू केले, त्यालाही कुत्रा चावून दोन दिवस होऊन गेले होते, आणि तो जगला. एकदा लक्षणे सुरू झाली की मात्र हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

ताजा चावा असेल तर जखम तत्काळ साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि मग दवाखान्यात जावे. खोल किंवा रक्त आलेल्या जखमेसाठी लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. कुत्रा ओळखीचा असेल आणि चाव्यानंतर दहा दिवस निरोगी राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानून डॉक्टर पुढच्या मात्रा थांबवू शकतात. परंतु ते दहा दिवस लस सुरू ठेवूनच मोजायचे असतात. आपला कुत्रा अनोळखी होता, त्यामुळे आपल्याला सर्व मात्रा ठरलेल्या तारखांना पूर्ण कराव्या लागतील.