नाशिकरोड आलं तरी उठू नका

प्रश्न : आईला (वय ७६) घेऊन पुण्याहून दोन दिवसांसाठी नाशिकला यायचंय. रामकुंड, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर करायचं आहे. तिचे गुडघे दुखतात, म्हणून भाऊ म्हणतो रेल्वेने जा. एसटीने आलो तर उतरायचं कुठे?
– एक वाचक भगिनी, पिंपरी

उत्तर : ताई, पुण्याहून नाशिकला सरळ रूळच नाहीत. गाडी कल्याणवरून नाहीतर मनमाडवरून वळसा घालून येते, आणि उतरवते नाशिकरोडला. रामकुंड आणि काळाराम आहेत पंचवटीत, आणि पंचवटी तिथून आणखी नऊ-दहा किलोमीटर. एसटीनेच या. आईंना पंच्याहत्तरीमुळे तिकीट माफ, तुम्हाला अर्धं. त्यांचं आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा. मी तीस वर्षं कंडक्टरकी केली. आजी कार्डासाठी पिशवीचा तळ गाठेपर्यंत दांड्याला धरून उभं राहण्यात माझेही गुडघे गेले.

पिंपरीची मंडळी नाशिक फाट्यावर हात करून चढतात. तुम्ही तसं करू नका. थोडं उलटं पडेल, पण वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसा, म्हणजे मनासारखी जागा मिळेल. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधली सीट धरा. मागच्या चाकावर बसलात तर एकेक गतिरोधक आईंच्या गुडघ्यात वाजेल. अंतर साधारण २१० किलोमीटर, पण वेळेचं विचाराल तर ते चाकणच्या कोंडीच्या हातात. पहाटेची गाडी बघा.

आता उतरण्याचं. सिन्नर मागे पडलं की आधी नाशिकरोड येतं. अर्धी गाडी पिशव्या काढायला लागते, पाटीवर 'नाशिक' दिसतं, आणि नवा माणूस हमखास उठतो. माझे साडू असेच उठले होते. मी शहरातल्या सीबीएसवर, म्हणजे जुन्या मध्यवर्ती स्टँडवर वाट बघत, ते नाशिकरोडला. मोबाइल तेव्हा नव्हते. दोन तासांनी घरी आले ते बोललेच नाहीत. बायको अजून ऐकवते. पुढे द्वारकेलाही काही जण उतरतात, पंचवटी तिथून जवळ पडते हे खरं. पण तो चौक गुडघे दुखणाऱ्या माणसाने ओलांडण्याजोगा नाही. थेट ठक्कर बाजारला, म्हणजे नव्या सीबीएसला उतरा आणि रिक्षा करा. भाडं बसण्याआधी ठरवा. मीटर दिसेल, पडलेला क्वचित दिसेल. शेअर रिक्षा स्वस्त, पण चौघांत दाटीने बसणं आईंना झेपायचं नाही.

त्र्यंबक जेमतेम तीस किलोमीटर. जुन्या सीबीएसवरून एसटी आहे, महापालिकेची सिटीलिंक बसही जाते. एसटीची सवलत सिटीलिंकमध्ये चालत नाही, तिथे वाद घालू नका. सोमवार टाळा, श्रावणातला तर नकोच.

परतताना पुण्याची गाडी ठक्कर बाजारलाच मिळेल. रिक्षावाल्याला नुसतं 'स्टँड' म्हणू नका. महामार्ग स्टँडवर नेऊन सोडेल, आणि तिथे मुंबईच्या गाड्या लागतात.