दुप्पट करंटवर ‘फेल’ आला तरी रिले बदलण्याची घाई नको

आपल्या ११ केव्ही फीडरवरचा जुना, चकतीचा ओव्हरकरंट रिले (करंट मर्यादेबाहेर गेला की ब्रेकरला ट्रिप देणारे उपकरण) संगणकाला जोडलेल्या, मोजून करंट सोडणाऱ्या टेस्ट किटवर सेटिंगच्या दुप्पट करंटला ‘फेल’ आणि पाचपट व दहापट करंटला ‘पास’ होतो. तो बदलावा का, असे आपण विचारले आहे. आपण दिलेले आकडे पाहता, बदलू नये.

स्टँडर्ड इन्व्हर्स वक्रानुसार (करंट जितका जास्त, तितका ट्रिपचा वेळ कमी) टीएमएस, म्हणजे वेळेचा गुणक, १ असताना दुप्पटीला १०.०३, पाचपटीला ४.२८ आणि दहापटीला २.९७ सेकंद अपेक्षित असतात. आपल्याला मिळाले १०.९, ४.४२ आणि ३.०२. दुप्पटीवरची चूक पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास भरते, आणि सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा मात्र तिन्ही बिंदूंना सरसकट ५ टक्के भरलेली आहे. पिकअपजवळ, म्हणजे रिले ज्या करंटला काम सुरू करतो त्याच्या जवळ, हा वक्र इतका तीव्र असतो, की करंट अवघ्या २ टक्क्यांनी वाढला तरी दुप्पटीवरचा वेळ पाव सेकंदाहून अधिक घटतो. दहापटीवर तोच फरक जेमतेम ०.०३ सेकंदाचा. म्हणूनच आयईसी ६०२५५ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेत ५ टक्के वर्गाच्या रिलेला दुप्पटीवर १२.५ आणि पाचपटीवर ७.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. मर्यादा तशा भरून टेस्ट पुन्हा चालवावी.

तरीही तिन्ही बिंदूंवरच्या वेळा जास्तीच्या बाजूला झुकलेल्या आहेत, हे नजरेआड करू नये. आधी सापडल्या स्थितीतले आकडे जतन करावेत, मग काच उघडून चकतीचा वेग आवरणाऱ्या ब्रेक मॅग्नेटच्या फटीत पाहावे. तिथे लोखंडाचा बारीक कीस चिकटला की चकती अडखळत फिरते, आणि तो निघाला की बरेचदा वेळ जुळवण्याच्या स्क्रूला हात लावावाच लागत नाही. (न्यूमेरिकल, म्हणजे मायक्रोप्रोसेसरवर चालणाऱ्या, रिलेत असा स्क्रूच नसतो, तिथे आपण केवळ पडताळणी करतो.)

सॉफ्टवेअरचा ‘पास’ही आपण भरलेल्या सेटिंगपुरताच असतो. एका सबस्टेशनवर मी एकाच फेजमधून करंट सोडत होतो. रिलेतला अर्थ फॉल्ट एलिमेंट (करंट जमिनीत गेल्यास ट्रिप देणारा भाग) आधी ट्रिप देत असल्याने तो तात्पुरता बंद केला, ओव्हरकरंटचे सगळे बिंदू हिरवे झाले, रिपोर्ट छापला, आणि अर्थ फॉल्ट तसाच बंद राहिला. निघताना सहकाऱ्याने सेटिंग शीटशी एकेक ओळ ताडून पाहिली म्हणून ते लक्षात आले. तेव्हापासून टेस्टपूर्वी आणि टेस्टनंतर रिलेतून सेटिंग फाइल उतरवून दोन्ही ताडल्याशिवाय मी ट्रिप लिंक, म्हणजे रिले आणि ब्रेकरमधली जोडणी, परत लावत नाही.

किटचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे आणि मुदतीतले आहे ना, हेही पाहावे. पॅनेलवरच्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या ट्रान्सड्यूसरसाठी (मोजमापाचे लहान करंटमध्ये रूपांतर करणारे उपकरण) तर ते अधिकच गरजेचे, कारण ०.५ वर्गाचा (०.५ टक्के चुकीपर्यंतचा) ट्रान्सड्यूसर तपासायला किट त्याच्या किमान चौपट अचूक असावे लागते, आणि रिलेसाठी घेतलेले प्रत्येक किट तेवढे अचूक नसते.