जॉन मॅककेन खरंच पक्षाला न जुमानणारे होते का? त्यांचं मतदान काय सांगतं?

तुमचा प्रश्न असा आहे: ॲरिझोनाचे सिनेटर जॉन मॅककेन यांना सगळे 'मॅव्हरिक', म्हणजे पक्षाची पर्वा न करणारा नेता म्हणत. मतदानाची टक्केवारी काढली तर मात्र ते बहुतेक वेळा रिपब्लिकन पक्षासोबतच दिसतात. मग ही ख्याती खोटी का?

माझं उत्तर: खोटी नाही, पण ती काही ठरावीक वर्षांची कमाई आहे, आणि मधल्या बऱ्याच वर्षांत ते त्या कमाईवरच चालले.

आधी टक्केवारीचं बोलू. 'इतके टक्के मतं पक्षासोबत' या आकड्यावर मी विसंबत नाही. सिनेटमध्ये कुठलं विधेयक मतदानाला आणायचं हे मुख्यतः बहुमतातल्या पक्षाचे नेते ठरवतात, किरकोळ नेमणुकांवरची मतंही त्याच बेरजेत जातात. तिथे व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व जात नाही, म्हणून मताला अर्थ आहे. पण प्रत्येक मत सारख्या तोलाचं नसतं.

जुलै २०१७ मधले तीन-चार दिवसच बघा. २५ तारखेला मॅककेन सिनेटमध्ये परतले, डाव्या डोळ्याच्या वर शस्त्रक्रियेची ताजी जखम दिसत होती. ओबामाकेअर, म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा, रद्द करण्याचा विषय चर्चेला घ्यावा का, यावर त्यांनी 'हो' म्हटलं. मतं ५०-५० पडली आणि उपाध्यक्ष पेन्स यांच्या मताने चर्चा सुरू झाली. त्याच रात्री पक्षाच्या पर्यायी आराखड्यालाही त्यांनी 'हो' म्हटलं. तो मंजूर व्हायला ६० मतं लागणार होती, मिळाली ४३. म्हणजे तिथे त्यांच्या 'हो'मुळे काहीच घडलं नाही. दुसऱ्या दिवशी, पर्याय न देता कायदा रद्द करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला. तोही ४५-५५ असा पडला. मग २८ तारखेला पहाटे दीडच्या सुमाराला शेवटचं, आखूड केलेलं विधेयक आलं. मॅककेन पुढे गेले, हात उचलला, अंगठा खाली केला. पक्षाचे नेते मिच मॅकॉनेल हाताची घडी घालून समोरच उभे होते. विधेयक ४९-५१ ने पडलं. कॉलिन्स आणि मर्कौस्की या दोन रिपब्लिकन सिनेटर विरोधात होत्याच. तिसरं मत मॅककेन यांचं, आणि त्याशिवाय ते पडलंच नसतं. टक्केवारीत ही चारही मतं एकसारखी मोजली जातात!

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या आखूड विधेयकाचा गाभा म्हणजे विमा घेण्याची सक्ती काढणं. डिसेंबरमध्ये आलेल्या करकपातीच्या विधेयकात त्या सक्तीचा दंड शून्यावर आणण्याची तरतूद होती, आणि सिनेटमध्ये ते ५१-४९ ने मंजूर झालं तेव्हा मॅककेन 'हो' म्हणणाऱ्यांत होते. जुलैत त्यांची मुख्य तक्रार घाईची होती, समित्यांना डावलल्याची होती. डिसेंबरचं विधेयक तर समासात हाताने लिहिलेल्या दुरुस्त्यांसह मतदानाला आलं होतं. याचं समर्थन मला करता येत नाही.

करांबाबत असंच. २००१ च्या बुश करकपातीला विरोध करणारे रिपब्लिकन सिनेटर दोनच, चॅफी आणि मॅककेन. २००३ मध्ये पुन्हा विरोध, आणि तेव्हा उपाध्यक्ष चेनींना बरोबरी फोडावी लागली. हे खरं धाडस. पण २००६ मध्ये, अध्यक्षपदाची उमेदवारी डोळ्यांसमोर असताना, त्यातल्या सवलतींना मुदतवाढ द्यायला त्यांनी मत दिलं.

स्थलांतराच्या प्रश्नात तर निवडणुकीचं वेळापत्रक अगदी उघडं पडतं. २००५ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींसोबत, कागदपत्रांविना राहणाऱ्या स्थलांतरितांना कायदेशीर होण्याची वाट देणारं विधेयक आणलं. जानेवारी २००८ मध्ये, पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरवणारी प्राथमिक फेरी चालू असताना, तेच विधेयक आता आलं तर आपण मत देणार नाही असं म्हणाले. २०१० मध्ये पक्षातूनच कडवं आव्हान मिळालं आणि त्या डिसेंबरात ड्रीम ॲक्टला, म्हणजे लहानपणी कागदपत्रांविना आलेल्यांना कायदेशीर दर्जा देऊ पाहणाऱ्या विधेयकाला, त्यांनी विरोध केला. २०१३ मध्ये, पुढची निवडणूक तीन वर्षं लांब असताना, दोन्ही पक्षांच्या आठ सिनेटरांच्या गटात बसून नवं विधेयक तयार केलं. ते सिनेटमध्ये ६८-३२ ने मंजूर झालं.

यात न बसणारी एक गोष्ट आहे, आणि ती टाळणं अन्यायाचं होईल. कैद्यांच्या छळाचा विषय. ते स्वतः व्हिएतनाममध्ये पाच वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी होते. २००५ मध्ये अमानुष वागणुकीवरची बंदी त्यांनी स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षांच्या विरोधाला न जुमानता, ९०-९ अशा मतांनी मंजूर करून घेतली. फेब्रुवारी २००८ मध्ये मात्र सीआयएलाही लष्कराच्या चौकशी-नियमांत बांधणाऱ्या विधेयकाच्या विरोधात मत दिलं. मग २०१५ मध्ये तेच बंधन डेमोक्रॅट सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांच्यासोबत स्वतःच आणलं आणि ७८-२१ ने पारित करून घेतलं. पुढच्या वर्षी त्यांना निवडणुकीला सामोरं जायचं होतं, तरीही.