एसक्यूएल चांगलं येत असेल तर ॲडव्हान्स्ड डेटाबेस सिस्टिम्समध्ये नवीन काय शिकायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न असा आहे की जॉइन, सबक्वेरी, नॉर्मलायझेशन हे सगळं पदवीला झालंय, आता पदव्युत्तरला हा विषय घेतलाय, तर पुन्हा तेच शिकायचं का, अभ्यास कुठून सुरू करायचा, आणि नोकरीत याचा उपयोग होईल का. मी हा विषय शिकले आणि पुढे त्याची प्रॅक्टिकल्सही घेतली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली शंका लगेच मिटते. या विषयात एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, फारशी नसतेच. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (डेटा टेबलांत ठेवायची पद्धत) मांडलं तेव्हा त्यातली मोठी सोय ही होती की काय हवंय तेवढं सांगायचं, ते कसं शोधायचं हे सिस्टिमने बघायचं. पदवीचा अभ्यासक्रम या ‘काय’पाशी थांबतो. ‘कसं’ची जबाबदारी ज्या कोडवर येऊन पडली, तो कोड आतून कसा चालतो हा तुमचा नवा विषय. एसक्यूएल येणाऱ्याला इथे फायदा होतो, पण थोडाच. ऑपरेटिंग सिस्टिममधलं पेजिंग, लॉक, डेडलॉक आणि एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचवणारी आज्ञा) ज्याला नीट समजलंय, त्याला जास्त होतो.

अभ्यासक्रमाच्या क्रमाने जायलाच हवं असं नाही. बहुतेक ठिकाणी स्टोरेज, इंडेक्स, क्वेरी प्रोसेसिंग, ट्रान्झॅक्शन, रिकव्हरी, डिस्ट्रिब्युटेड असा क्रम असतो आणि सत्र संपत आलं की शेवटचे भाग घाईत उरकतात. माझं मत विचाराल तर निम्मा वेळ ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण होणारे किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) आणि रिकव्हरी (क्रॅशनंतर डेटा सावरणं) यांना द्या. खरी कसोटी तिथेच लागते, आणि नुसत्या नोट्स वाचून नेमका तोच भाग कळत नाही.

त्यासाठी पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस टाका आणि दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडा. समजा एका कार्यशाळेत ३० जागा आहेत आणि नोंदणीच्या टेबलात २९ ओळी आहेत. दोन्हीकडे रिपीटेबल रीड या आयसोलेशन लेव्हलवर (एकाच वेळी चालणाऱ्या ट्रान्झॅक्शनना एकमेकांचे बदल किती दिसावेत ते ही लेव्हल ठरवते) ट्रान्झॅक्शन सुरू करा. दोन्हीकडे ओळी मोजा: दोघांना २९ दिसतील. दोन्हीकडे एकेक ओळ घाला आणि कमिट करा. दोन्ही कमिट बिनबोभाट होतात आणि टेबलात ३१ ओळी! प्रत्येक ट्रान्झॅक्शन एकटं पाहिलं तर बरोबर आहे, एकानेही दुसऱ्याची ओळ बदललेली नाही, तरी नियम मोडला. याला राइट स्क्यू म्हणतात. पोस्टग्रेसमधलं रिपीटेबल रीड म्हणजे आतून स्नॅपशॉट आयसोलेशन, म्हणजे ट्रान्झॅक्शनला सुरुवातीला घेतलेलं डेटाचं चित्रच शेवटपर्यंत दिसतं, आणि ते ही गडबड पकडत नाही. एसक्यूएल प्रमाणकातल्या आयसोलेशन लेव्हलच्या व्याख्या किती ढिल्या आहेत हे १९९५ साली जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी एका पेपरमध्ये दाखवलं होतं. स्नॅपशॉट आयसोलेशनची नीट मांडणीही त्यातच आहे. तो पेपर छोटा आहे, मुळातून वाचा.

आता खरी गंमत. बरेच जण यावर उपाय सुचवतात की कार्यशाळांच्या टेबलातली त्या कार्यशाळेची ओळ आधी ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने लॉक करायची. करून बघा. रीड कमिटेड या खालच्या लेव्हलवर हा उपाय चालतो: दुसरं ट्रान्झॅक्शन लॉकसाठी थांबतं, पहिलं कमिट झालं की पुढे सरकतं, आणि मोजणीची क्वेरी नवा स्नॅपशॉट घेत असल्याने तिला ३० दिसतात. तेच रिपीटेबल रीडवर केलं तर दुसऱ्याचा स्नॅपशॉट लॉकसाठी थांबण्याआधीच घेतलेला असतो. लॉक मिळतं, पण मोजणी जुनीच, २९. पुन्हा ३१ ओळी! वरची लेव्हल चुकली आणि खालची बरोबर ठरली. लेव्हल वाढवली की सुरक्षितता आपोआप वाढते असं समजणाऱ्याने हा प्रयोग जरूर करावा. तिसऱ्यांदा दोन्हीकडे सीरियलायझेबल ही सगळ्यात वरची लेव्हल लावा, लॉक न घेता. या वेळी एकाला ४०००१ हा एरर कोड मिळेल आणि ते ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवावं लागेल. ही पद्धत पोस्टग्रेसमध्ये २०११ साली, ९.१ आवृत्तीत आली. त्याआधी तिथे सीरियलायझेबल मागितलं तरी स्नॅपशॉट आयसोलेशनच मिळायचं.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टू-फेज लॉकिंग, प्रिसिडन्स ग्राफ, मल्टिव्हर्जन वगैरे धडे पाठ करावे लागत नाहीत, कारण ते कोणत्या दुखण्यावरचे इलाज आहेत हे माहीत झालेलं असतं.

रिकव्हरीत एरिज हा अल्गोरिदम हमखास विचारतात. सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा, आयबीएममधला, १९९२ चा पेपर. ॲनालिसिस (काय घडलं ते लॉगमधून शोधणं), रिडू (बदल पुन्हा करणं), अनडू (अपुरे बदल मागे घेणं) हे तीन टप्पे सगळे लिहितात. अडतात ते एका प्रश्नावर: जे ट्रान्झॅक्शन शेवटी रद्दच करायचं आहे, त्याचे बदलसुद्धा रिडूमध्ये पुन्हा का करायचे? कारण क्रॅशच्या क्षणी कोणतं पान (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) डिस्कवर पोचलं होतं आणि कोणतं नव्हतं, याचा भरवसा नसतो. आधी सगळं जसंच्या तसं क्रॅशच्या क्षणापर्यंत आणायचं, मग नेहमीच्या रोलबॅकसारखं मागे जायचं. अर्धवट अवस्थेतून थेट मागे जायला गेलं तर प्रत्येक पानाची वेगळी कथा सांभाळत बसावं लागेल. एक इशारा देऊन ठेवते. सरावाच्या मशीनवर पोस्टग्रेस इमिजिएट मोडमध्ये बंद करून पुन्हा सुरू केलंत तर लॉगमध्ये रिडू दिसेल, अनडू शोधूनही सापडणार नाही. पोस्टग्रेस ओळीच्या जुन्या आवृत्त्या टेबलातच ठेवतं, त्यामुळे अपुरं ट्रान्झॅक्शन ‘झालंच नाही’ असं धरलं की काम भागतं. कचरा पुढे व्हॅक्युम ही साफसफाईची प्रक्रिया काढते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मात्र अनडू लॉग असतो. परीक्षेत एरिज लिहा, पण हातातली प्रत्येक सिस्टिम तशीच चालते असं धरून चालू नका.

ऑप्टिमायझर, म्हणजे क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा कोड, हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून हात आवरता घेते. दहा टेबलांचा जॉइन घ्या. एकामागून एक टेबल जोडत गेलात तरी ३६,२८,८०० क्रम होतात. जॉइनच्या झाडाचा आकारही, म्हणजे आधी कोणत्या जोड्या लावायच्या तेही, मोकळा सोडला तर सुमारे १,७६४ कोटी. यातून निवड करण्याची आजही चालणारी पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पात बसवली आणि १९७९ साली प्रसिद्ध केली. त्या पेपरात एक बेधडक अंदाज आहे: कॉलमची माहिती नसेल तर ‘यापेक्षा मोठं’ या अटीत एक तृतीयांश ओळी बसतील असं धरा. पोस्टग्रेसच्या सोर्स कोडमध्ये हे ०.३३३३ आजही जसंच्या तसं आहे. गणित हुशार आहे, घोळ होतो तो या अंदाजांत. शहर आणि पिनकोड अशा एकमेकांत गुंतलेल्या दोन अटी दिल्या की ऑप्टिमायझर त्यांना स्वतंत्र समजून गुणाकार करतो आणि हजारो ओळींच्या जागी चार-दोनच येतील असं मानून बसतो. ‘एक्सप्लेन ॲनालाइझ’ चालवून अंदाजातल्या आणि प्रत्यक्षातल्या ओळी शेजारी ठेवून बघायची सवय लावा. नोकरीत उपयोग होईल का, असंही तुम्ही विचारलंय. फक्त या सवयीचाही होईल.

बी प्लस ट्री (इंडेक्सची नेहमीची रचना) कागदावर काढून जमवा, त्यात फार वेळ घालवायला नको. चौथी-पाचवी नॉर्मल फॉर्म परीक्षेपुरती. डिस्ट्रिब्युटेड भागात टू-फेज कमिट (अनेक मशीननी मिळून एकत्र कमिट करणं) आणि टू-फेज लॉकिंग (आधी लॉक घेत जाणं, मग फक्त सोडत जाणं) ही दोन नावं एकत्र कालवू नका, दरवर्षी कुणीतरी कालवतंच. कॅप प्रमेयाबद्दल (डेटाची एकवाक्यता, सतत उपलब्धता आणि नेटवर्क तुटलं तरी चालणं यांविषयीचं) ‘तीनपैकी दोन निवडा’ एवढंच लिहून सोडू नका. ते मांडणाऱ्या एरिक ब्रुअर यांनीच २०१२ साली ही मांडणी दिशाभूल करते असं लिहिलं. नेटवर्क तुटणं तुमच्या हातात नसतं, तुटल्यावर काय सोडायचं एवढंच ठरवता येतं.

व्हिडिओ बघायचे तर कार्नेगी मेलन विद्यापीठाचे अँडी पाव्हलो यांचे वर्ग यूट्यूबवर मोफत आहेत. त्यांचा प्रॅक्टिकलचा बसटब हा डेटाबेसही खुला आहे, पण त्याला सी प्लस प्लस बऱ्यापैकी यावं लागतं. येत नसेल तर मिनी प्रोजेक्टसाठी येत असलेल्या भाषेत छोटा बफर पूल लिहा: ठरावीक संख्येची पानं मेमरीत, वापरात असलेलं पान पिन करायचं, जागा कमी पडली की कोणतं काढायचं ते ठरवायचं, बदललेलं असेल तर आधी डिस्कवर लिहायचं. हे चाललं की लॉग फाइल जोडा आणि अट घाला की पानाच्या आधी त्याची लॉग नोंद डिस्कवर गेलीच पाहिजे. मग प्रोग्राम मधेच मारा आणि सुरू करून डेटा शाबूत आहे का तपासा. तोंडी परीक्षेत नोट्समधलं सगळं सोडून याच्यावरच प्रश्न येतील, आणि उत्तरं तुमची तुम्हालाच द्यावीशी वाटतील.