‘सर्वंकष’ म्हणजे ‘सर्वांगीण’ नव्हे

प्रश्न असा आला आहे : दोन महायुद्धांच्या दरम्यान युरोपात जे सत्ताधीश उगवले, त्यांच्या राजवटीला ‘हुकूमशाही’ म्हणावे, ‘एकाधिकारशाही’ म्हणावे की ‘सर्वंकष सत्ता’? तिन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत का?

नाहीत. पहिले दोन चटकन उरकतो.

‘हुकूमशहा’मधला हुकूम अरबी आणि शहा फारसी, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. रोमन लोकांचा ‘डिक्टेटर’ हा संकटकाळी नेमलेला, जास्तीत जास्त सहा महिन्यांचा अधिकारी होता. सुल्ला आणि सीझर यांनी ती मुदत मोडीत काढली. ज्यावरून ‘फॅसिस्ट’ आला, त्या मुसोलिनीच्या ‘फॅशो’चा अर्थ मोळी, हेही सर्वत्र सांगितले जाते. तो शब्द 1890च्या दशकात सिसिलीतल्या शेतकरी-कामगारांच्या डाव्या संघटनांनी वापरला होता, हे मात्र कोणी सांगत नाही.

‘एकाधिकारशाही’वर माझा आक्षेप आहे, आणि राज्यशास्त्राच्या परिभाषाकारांनी तो गंभीरपणे घ्यावा. महाराष्ट्रात ‘एकाधिकार’ म्हटले की कापूस एकाधिकार खरेदी आठवते. एकच खरेदीदार, दुसऱ्याला मज्जाव. म्हणजे हा शब्द सत्ता कोणाच्या हातात आहे एवढेच सांगतो. ती माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरते, याबद्दल तो मुका आहे. पोर्तुगालचा सालाझार, हंगेरीचा होर्टी, 6 जानेवारी 1929 रोजी राज्यघटना गुंडाळून ठेवणारा युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर, हे सगळे त्यात बसतात. स्टालिन आणि हिटलरही बसतात. इतक्या वेगळ्या माणसांना सारखाच बसणारा शब्द परिभाषेत काय कामाचा?

आता ‘सर्वंकष’. या शब्दाचे आज जे चालले आहे ते मला सहन होत नाही. ‘शहराचा सर्वंकष विकास’, ‘सर्वंकष आरोग्य तपासणी’, ‘विषयाचा सर्वंकष आढावा’. बातम्यांत, निविदांत, भाषणांत, सगळीकडे. काही कोशांनीही ‘सर्वसमावेशक’ हा अर्थ देऊन त्यावर शिक्का मारला आहे. वापर रूढ झाला म्हणून तो नोंदवावा, हे ठीक. पण मूळ अर्थ गाळून नोंदवावा, हे कोशकाराचे काम नव्हे. समावेश करणे म्हणजे आत घेणे. सर्वंकष कोणालाही आत घेत नाही. तो खरवडतो.

‘सर्वं कषति इति सर्वंकषः’. पाणिनीचे सूत्र आहे : सर्वकूलाभ्रकरीषेषु कषः. सर्व, कूल, अभ्र आणि करीष या चार शब्दांपुढे ‘कष्’ धातू आला की ‘खच्’ प्रत्यय लागतो आणि मध्ये अनुस्वार येतो. भयंकर, प्रियंवदा यांतला अनुस्वार तोच. त्यातून चार शब्द तयार होतात, आणि चारही पाहण्यासारखे आहेत. कूलंकष म्हणजे काठ खात जाणारी नदी. अभ्रंकष म्हणजे ढगांना घासणारा, मग तो डोंगर असो वा प्रासाद. (आपण उंच इमारतींना ‘गगनचुंबी’ म्हणत बसलो, हा किती नेमका होता!) करीषंकष म्हणजे वाळक्या शेणाचा भुगा उडवून नेणारा सोसाट्याचा वारा. आणि सर्वंकष म्हणजे सगळेच घासून, झिजवून नेणारा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘कष्’चा अर्थ काय दिला आहे? हिंसा. आपली कसोटी याच धातूची, कषपट्टिकेवरून आलेली, निकषही त्याचाच. सोने दगडावर घासले की त्याचा थोडा अंश दगडावर राहतोच.

शाकुंतलात दुष्यंत शकुंतलेला नाकारताना तिला काठ खाणाऱ्या नदीची उपमा देतो : ‘कूलंकषेव सिन्धुः’. स्वच्छ पाणी गढूळ करणारी आणि तीरावरचे झाड पाडणारी. ‘सर्वांगीण विकास’ या अर्थाने हा धातू कोणाला सुचला असेल?

माझे ठाम मत असे की ज्या कोणी इटालियन ‘तोतालितारिओ’साठी (इंग्रजीत ‘टोटॅलिटेरियन’) मराठीत ‘सर्वंकष’ योजला, त्याचे पाणिनी पाठ होते आणि त्याने हा शब्द जाणून निवडला. कारण तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे. ‘तोताले’ म्हणजे नुसते ‘एकूण’. त्यात क्रियाच नाही. मे 1923 मध्ये ‘इल मोंदो’ या वृत्तपत्रात जोव्हान्नी आमेंदोला या उदारमतवादी नेत्याने तो शब्द वापरला, तोही स्थानिक निवडणुकांबद्दल : बहुमताची यादी फॅसिस्टांची आणि अल्पमतासाठी राखलेल्या जागांची यादीही फॅसिस्टांचीच. विरोधकाची जागासुद्धा खरवडून नेली! दोन वर्षांनी मुसोलिनीने हाच शब्द अभिमानाने उचलला आणि आपल्या ‘सर्वंकष इच्छाशक्ती’ची ग्वाही दिली. त्याच उन्हाळ्यात फॅसिस्ट टोळीने आमेंदोलाला बेदम मारले आणि एप्रिल 1926 मध्ये तो परदेशात, फ्रान्समधल्या कान शहरात वारला.

आता सर्वंकष सत्तेवर गाजलेला ग्रंथ लिहिणाऱ्या विचारवंत हॅना आरेंट यांच्याशी माझे भांडण. त्यांचे म्हणणे असे की मुसोलिनीची राजवट पुरती सर्वंकष नव्हती, ती एकपक्षीय हुकूमशाहीच होती. राजा गादीवर होता, 1929 च्या करारानंतर पोपचे वेगळे राज्य होते, आणि शेवटी जुलै 1943 मध्ये त्याच राजाने मुसोलिनीला बडतर्फ केले. हे सगळे खरे आहे. निष्कर्ष चूक आहे. ‘सर्वंकष’ हे कर्त्याचे नाम आहे, झालेल्या कामाची पावती नव्हे. काठ अजून उभा आहे म्हणून नदी कूलंकष नाही, असे म्हणता येत नाही. ती खाते आहे का, एवढेच बघायचे. आणि इटलीत ती खात होती. 1925 मध्ये कामगारांच्या फावल्या वेळासाठी सरकारी संघटना, 1926 मध्ये मुलांसाठी बालिल्ला. त्रिएस्ते भागातल्या स्लाव्ह कुटुंबांची आडनावे इटालियन करून टाकली, दक्षिण टिरोलमधल्या गावांची जर्मन नावे बदलली. 1938 मध्ये तर ‘लेई’ हे आदरार्थी सर्वनाम बाद करून ‘वोई’ म्हणायचा हुकूम निघाला. ‘लेई’चा दुसरा अर्थ ‘ती’. त्या अर्थाच्या नावाने निघणाऱ्या स्त्रियांच्या मासिकालाही नाव बदलून ‘आन्नाबेल्ला’ व्हावे लागले. उद्या कोणी फर्मान काढून आपले ‘आपण’ काढून घेतले, तर त्या सत्तेला मी नुसती एकपक्षीय म्हणणार नाही.

सोव्हिएत संघात 1929 पासून सलग कामाचा आठवडा आणून रविवारच पुसला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. नवरा-बायकोचा गट वेगळा असला तर एकत्र जेवायचा दिवसही गेला. जर्मनीत 23 मार्च 1933 रोजी संसदेने 444 विरुद्ध 94 मतांनी आपले अधिकार हिटलरला देऊन टाकले. जुलैपर्यंत नाझींखेरीज एकही पक्ष उरला नाही, आणि मग पाळी गायनमंडळांची आणि बुद्धिबळ क्लबांची आली.

याउलट सालाझार. कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, 1932 मध्ये पंतप्रधान. गुप्त पोलीस होते, सेन्सॉर होता, तुरुंग होते. पण त्याला लोक गप्प बसलेले हवे होते. मुसोलिनी-हिटलरला ते चौकात येऊन ओरडायला हवे होते. म्हणून सालाझार हुकूमशहा, पण सर्वंकष नाही. पोलंडमध्ये 1926 च्या बंडानंतर सत्ता घेणारा पिलसुदस्की यालाही मी हाच न्याय लावीन, कारण विरोधी पक्षांना तुडवूनही त्याने ते नामशेष केले नाहीत.

तेव्हा प्रश्नकर्त्याने ‘एकाधिकारशाही’ खुशाल सोडून द्यावी. जिथे फक्त सत्ता बळकावली तिथे ‘हुकूमशाही’, जिथे सुट्टी, आडनाव आणि सर्वनामही सुटले नाही तिथे ‘सर्वंकष सत्ता’. शहराचा विकास ‘सर्वांगीण’ असू द्या, आढावा ‘समग्र’ असू द्या, आरोग्य तपासणी ‘संपूर्ण’ म्हटली तरी भागते. आणि लिहिताना ‘सर्वकष’ किंवा ‘सर्वंकश’ नको : अनुस्वार ‘र्व’वर, आणि शेवटी पोटफोड्या ष.