दुखऱ्या स्नायूंसाठी चेंडू आणि रोलर

अंगदुखीबद्दलच्या पत्रांत हल्ली एक प्रश्न हटकून असतो: स्वतःच स्वतःला मसाज करायला काय घेऊ? त्यातली निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : दिवसभर संगणकासमोर बसतो, संध्याकाळी जिम. फोम रोलर घ्यायला गेलो तर पांढरा, काळा, खाचांचा, काट्यांचा, कंप देणारा असे इतके प्रकार दिसले की रिकाम्या हाताने परत आलो. नेमका कोणता घ्यावा? (पुणे)

पांढरा आणि वजनाला अगदी हलका असतो तो बहुधा ईपीई फोमचा. पार्सलमध्ये वस्तूभोवती गुंडाळलेला येतो, तोच फोम. स्वस्त आणि सुरुवातीला छान वाटतो, पण सत्तर-ऐंशी किलोचा माणूस रोज त्यावर चढला की काही महिन्यांत मधोमध चपटा होतो आणि नीट गडगडत नाही. काळा, बारीक मणी दाबून बनवल्यासारखा दिसणारा ईपीपीचा. तो आकार सोडत नाही, पण नवख्याला फार कडक लागतो. तिसरा आतून पोकळ: प्लास्टिकची नळी आणि तिच्यावर ईव्हीए फोमचा थर, म्हणजे स्पोर्ट्स शूजच्या तळाला असतो तो. हा थोडा दबतो आणि टिकतोही. पहिलाच रोलर असेल तर हा घ्या.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. अंगठ्याने जोरात दाबा; थोडा दबून लगेच वर यायला हवा. खड्डा तसाच राहिला तर ठेवून द्या. मग एका हाताने आतली नळी धरून दुसऱ्याने वरचा फोम पिळून बघा. फोम नळीवर फिरत असेल तर चिकटवण्यात कसर आहे आणि मांडीखाली तो नेमका नको तेव्हा सरकणार.

लांबी 30 ते 33 सेंटीमीटर असली तर पोटरी आणि मांडीला पुरते, बॅगेतही मावते. पाठीसाठी मात्र 45 तरी हवी, कारण आडवं पडल्यावर दोन्ही फरे (पाठीवरची खांद्यांची पाती) रोलरवर टेकले पाहिजेत. जाडी 13 ते 15 सेंटीमीटर ठीक. 10 सेंटीमीटरचा बारीक रोलर कमी जागेवर टेकतो, म्हणून तोच माणूस, तेच वजन, पण दाब जास्त बोचतो. काट्यांचंही तसंच. ‘खोलवर पोचतो’ म्हणतात ते खरं तर ‘टोचतो’ असतं. कंप देणाऱ्या रोलरसाठी चौपट पैसे मोजायची घाई नको.

आता कडक म्हणजे गुणकारी, या समजुतीबद्दल. रोलरने स्नायूतल्या गाठी ‘फुटत’ नाहीत आणि स्नायूंवरचं जाड आवरण ताणलंही जात नाही. त्याला लागणारं बळ शरीराच्या वजनाने मिळत नाही. होतं ते एवढंच की मज्जासंस्था तो भाग आवळून धरायचं थोडं सोडते, दुखणं कमी जाणवतं आणि सांधा दहा-वीस मिनिटं जरा मोकळा हलतो. म्हणूनच दात-ओठ खाऊन केलेलं रोलिंग वाया जातं, कारण दुखलं की स्नायू स्वतःला आणखी आवळतो. दुखण्याला दहापैकी गुण दिले तर पाच-सहाच्या वर जाऊ नका. श्वास अडकला तर दाब जास्त झाला असं समजा.

वेग सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. म्हणजे मांडीवरून एक फेरी पंधरा सेकंदांची. जिममध्ये पोळी लाटल्यासारखे सपासप हात चालवणारे दिसतात, त्यांचं अनुकरण नको. एका स्नायूला एक ते दोन मिनिटं भरपूर झाली. गुळगुळीत फरशीवर रोलर निसटतो आणि सतरंजीसकट सरकतो, म्हणून खाली रबरी योगा मॅट घ्या.

प्रश्न : उजव्या फऱ्याच्या आतल्या कडेला गाठीसारखं लागतं. टेनिस बॉलने काहीच वाटत नाही आणि लॅक्रॉसच्या (जाळीच्या काठीने खेळतात त्या खेळाच्या) बॉलने कळवळायला होतं. मधलं काही असतं का? (ठाणे)

असतं, पण आधी एक विचारायला हवं: तुम्ही जमिनीवर झोपून करता की भिंतीला टेकून? चेंडू बदलल्याने जेवढा फरक पडतो त्याहून जास्त फरक यानेच पडतो. जमिनीवर धडाचं सगळं वजन त्या एका चेंडूवर येतं. भिंतीशी पावलं किती पुढे ठेवायची हे तुमच्या हातात असतं, म्हणजे दाबही तुमच्याच हातात.

टेनिस बॉल साधारण साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटरचा, 56 ते 59 ग्रॅमचा आणि आतून पोकळ. जुना झाला की आणखी मऊ पडतो. लॅक्रॉसचा बॉल त्याहून किंचित लहान, पण भरीव रबराचा आणि 140 ग्रॅमच्या पुढे. तो दबतच नाही म्हटलं तरी चालेल. या दोघांच्या मधला चेंडू म्हणजे आपल्याकडे टेनिस क्रिकेटला वापरतात तो हेवी टेनिस बॉल. त्याचं रबर जाड असतं आणि वरच्या लवेमुळे भिंतीवर घसरत नाही. लेदरचा सीझन बॉल नको. त्याची वर आलेली शिवण रुतते आणि पॉलिशमुळे तो निसटतो. गोल्फचा (सव्वाचार सेंटीमीटर) आणि स्क्वॉशचा (चार सेंटीमीटर) हे पाठीला फार लहान, ते तळहात-तळपायाचे.

चेंडू लांब मोज्यात घाला आणि मोज्याचं तोंड खांद्यावरून पुढे घेऊन हातात धरा. चेंडू पडत नाही आणि वरखालीही नेमका करता येतो. भिंतीकडे पाठ करून उभ्या राहा, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. चेंडू कणा आणि फरा यांच्या मधे ठेवा. उजवा हात डाव्या खांद्यावर न्या, म्हणजे फरा बाहेर सरकतो आणि आतला स्नायू उघडा पडतो. हे न केल्यामुळेच बहुधा टेनिस बॉलने तुम्हाला ‘काहीच वाटत नाही’. आता गुडघे हळूहळू वाकवा, चेंडू पाठीवर वर चढेल. दुखरी जागा सापडली की वीस-तीस सेकंद थांबा, चार-पाच सावकाश श्वास घ्या. मग चेंडू तिथेच दाबून ठेवून उजवा हात पाच-सहा वेळा समोरून वर-खाली करा. एवढं दोन मिनिटांत होतं, दिवसातून दोनदा पुरे.

कण्याच्या मणक्यांवर किंवा फऱ्याच्या हाडाच्या कडेवर चेंडू नको. हातात मुंग्या आल्या तर दोन सेंटीमीटर बाजूला व्हा. दोन्ही बाजूंना एकदम करायचं असेल तर एकाच मोज्यात दोन टेनिस बॉल घालून मधे आणि टोकाला घट्ट गाठ मारा. कणा दोघांच्या मधल्या घळीत राहतो. दुकानात शेंगेच्या आकाराचा म्हणून विकतात तो हाच प्रकार.

आणि एक. उजव्या फऱ्याखालची दुखणी सगळी स्नायूंची नसतात. तेलकट-तुपकट जेवणानंतर ठणका येत असेल, बरोबर मळमळ असेल तर पित्ताशयाची तपासणी करून घ्या. पाठदुखीबरोबर धाप किंवा दरदरून घाम आला तर चेंडू बाजूला ठेवून थेट दवाखाना.

प्रश्न : साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. यवतेश्वरचा घाट उतरून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखतं. मित्र म्हणतो, मांडीच्या बाहेरच्या कडेवर रोलर फिरव. डोळ्यांत पाणी येतं. चालू ठेवू का? (सातारा)

नको. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

मांड्या भरून येणं हे उताराचं देणं. उतरताना पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे लांब होत असतानाच जोर लावतो, आणि त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं 24 ते 72 तासांत सगळ्यात जास्त असतं. लॅक्टिक अ‍ॅसिडचा यात दोष नाही, ते धावून झाल्यावर तासाभरात निवळलेलं असतं. याला रोलर उपयोगी आहे: पालथे पडून कोपरांवर टेका, रोलर गुडघ्याच्या वाटीच्या चार बोटं वर ठेवा, तिथून जांघेच्या चार बोटं अलीकडेपर्यंत हळू न्या. दुसरा पाय जमिनीवर टेकवून वजन कमी-जास्त करा. जास्त दुखेल तिथे थांबून गुडघा चार-पाचदा वाकवा. पळून झाल्यावर त्याच संध्याकाळी आणि पुढचे दोन-तीन दिवस करा. दुखणं पळून जाणार नाही, थोडं बोथट होईल. मात्र मांड्या सुजल्या आणि लघवी कोलासारखी काळपट झाली तर लगेच डॉक्टर गाठा.

गुडघ्याच्या बाहेरचं दुखणं वेगळं. मांडीच्या कडेने खुब्यापासून गुडघ्याखालपर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो. तो स्नायू नव्हे, रोलरने सैल होत नाही. तुम्ही तिथे फक्त खालचा स्नायू हाडावर चेचताय. पट्ट्याला वरून जे स्नायू ओढतात त्यांच्याकडे लक्ष द्या. एक पँटच्या पुढच्या खिशाच्या वरच्या टोकाशी असतो, दुसरे कुल्ल्यात. टेनिस बॉल घेऊन भिंतीशी कडेवर उभे राहा, दोन्ही जागी एकेक मिनिट. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलण्याचा व्यायाम, पंधरा-पंधरा वेळा तीन फेऱ्यांत, एक दिवसाआड. दोन-तीन आठवडे उतार कमी करा. घाट चढून जा, खाली गाडीने या. हे कोणी ऐकत नाही, पण उपाय तोच आहे.

प्रश्न : शाळेत सहा-सात तास उभी असते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं टाचेत सुरी खुपसल्यासारखी. गोल्फ बॉल फिरवते, पण दुपारी जास्तच ठणकतं. (सोलापूर)

सकाळच्या पहिल्या पावलांचं हे दुखणं बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळपायाच्या चिवट पट्ट्याचं असतं. गोल्फ बॉल फार कडक आहे, आणि तो दुखऱ्या टाचेवरच रगडला जातो, जिथे आधीच चिडचिड झालेली असते. टेनिस बॉल घ्या, खुर्चीत बसून करा आणि टाच सोडून पावलाच्या कमानीवर फिरवा, एका पावलाला दोन मिनिटं. संध्याकाळी अर्धा लिटरची पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून, पातळ फडक्यात गुंडाळून पाच-सात मिनिटं पायाखाली फिरवा. बाटली काठोकाठ भरू नका, बर्फ झाल्यावर ती फुगते.

पोटरी आखडलेली असेल तर टाच सुटत नाही, म्हणून तिला रोलर आणि भिंतीशी ताण, दोन्ही द्या. घरात अनवाणी फरशीवर फिरणं थांबवा. स्वयंपाकघरातही मऊ चप्पल हवी. मधुमेह असून पायाला बधिरपणा असेल तर चेंडू आणि बर्फ दोन्ही नकोत, कारण जखम झालेली कळणारच नाही.

प्रश्न : सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. त्यांना रोलर आणू का? (नागपूर)

जमिनीवर बसून वापरायचा रोलर नको. त्या वयात हाडं ठिसूळ असू शकतात आणि तोल जाण्याची भीती वेगळीच. खुर्चीत बसवून स्वयंपाकघरातलं लाटणं घ्या, पोटरीला तेल लावून घोट्याकडून गुडघ्याकडे अलगद फिरवा. बाजारात मसाज स्टिक म्हणून मिळते तीही लाटण्याचीच बहीण. गुडघ्यामागची खोबण आणि नडगीचं हाड सोडा. फुगलेल्या निळ्या शिरा असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. एकच पोटरी सुजली, गरम लागली आणि दाबल्यावर दुखली तर ती मुळीच चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्या.

प्रश्न : कमरेत उसण भरली तर रोलरवर पाठ टाकून लोळावं का? (कोल्हापूर)

नाही. कमरेला बरगड्यांचा आधार नसतो, रोलरवर ती उलटी कमानते आणि उसण वाढते. रोलर बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंतच न्या. कमरेसाठी टेनिस बॉल कुल्ल्याच्या मांसल भागाखाली घ्या, तोही भिंतीशी. पायात विजेसारखी चमक गेली तर थांबा.

प्रश्न : रोलरला घामाचा वास येतो. उन्हात टाकू का? (पणजी)

उन्हाने फोम कडक पडून भेगाळतो आणि चिकटवलेला थर सुटतो. कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून फडक्याने पुसा, खाचांतून जुना टूथब्रश फिरवा, साबण पुसून काढा आणि पंख्याखाली उभा ठेवून वाळवा. आडवा ठेवून वर सामान रचलं तर फोमवर खड्डा राहतो. टेनिस बॉल धुण्यापेक्षा बदललेला बरा, लवेत ओल राहते. पावसाळ्यात तर हमखास.